हजेरीपटावरची प्रार्थना

सुरतेहून हजीऱ्याच्या वाटेला लागले की पोलाद, खत आणि नैसर्गिक वायूचे कारखाने सुरू होतात. पुढे बंदर लागते, आणि त्याच्या उत्तरेला सुवालीचा किनारा. खानदेशातून पोटापाण्यासाठी सुरतेत आलेल्या मराठी कुटुंबांना सुवाली माहीत आहे ती सुट्टीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन जायची जागा म्हणून. चारशे वर्षांपूर्वी मात्र इंग्रजांचा हिंदुस्थानात शिरण्याचा हा दरवाजा होता. किनाऱ्यालगत वाळूचा लांबलचक दांडा होता आणि त्याच्या आत जहाजांना निवाऱ्याची जागा मिळे. १६१२ च्या नोव्हेंबरात थॉमस बेस्टच्या जहाजांनी इथे पोर्तुगीजांच्या चार मोठ्या लढाऊ जहाजांना दाद दिली नाही. पुढच्याच वर्षी मोगलांनी इंग्रजांना सुरतेत वखार घालू दिली. जहांगीराच्या दरबारी निघालेला वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये इथेच उतरला.

जहाजांतून माल उतरला, तोफा उतरल्या, आणि त्यांच्यासोबत प्रार्थनापुस्तके घेऊन पाद्रीही उतरले. या पाद्र्यांनी आणि त्यांच्यानंतर आलेल्यांनी जे लिहून ठेवले, त्यात ख्रिस्ती धर्मातल्या एका जुन्या दुखण्याची लक्षणे इतकी स्पष्ट दिसतात की त्यासाठी रोमला किंवा लंडनला जायची गरज पडत नाही. नियम पाळला म्हणजे धर्म झाला, अशी समजूत करून घेणे हे ते दुखणे. त्यात देवाशी नाते उरत नाही. उरतो तो फक्त हिशेब.

जॉन ओव्हिंग्टन हा पाद्री १६८९ मध्ये विलायतेहून निघून सुरतेला आला. त्याने वखारीतल्या दिनक्रमाचे बारकाईने वर्णन केले आहे. सकाळी सहाला प्रार्थना, रात्री आठला प्रार्थना, रविवारी तीन वेळा. वखार म्हणजे कोठार, कचेरी आणि वसतिगृह असे सगळे एकाच इमारतीत होते. कंपनीचे नोकर तिथेच राहत, एका मेजावर जेवत, आणि रात्री ठरल्या वेळी मोठा दरवाजा बंद होई. त्याच्या आधीच्या पिढीतच, म्हणजे १६७० च्या आसपास, कंपनीने आपल्या नोकरांसाठी लेखी नियम घालून दिलेले होते. प्रार्थनेला गैरहजर राहिले तर दंड, आणि रविवारची गैरहजेरी इतर दिवसांपेक्षा महाग. शिवी हासडली तर दंड. झिंगून आले तर दंड. दरवाजा बंद झाल्यावर परवानगीवाचून बाहेर राहिले तर त्याहूनही मोठा दंड.

हे नियम करणाऱ्यांना हसण्याचे कारण नाही. वखारीत येणारे कारकून कोवळ्या वयाचे होते, घर हजारो कोसांवर, आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात ताप-हगवणीने माणसे पटापट जात. मुंबईत माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हण ओव्हिंग्टनच्या काळात इंग्रजांत रूढ होती. अशा ठिकाणी शिस्त म्हणजे जीव वाचवण्याचा उपाय. शिवाय परक्या मुलखात मूठभर लोकांना एकत्र धरून ठेवायला सकाळ-संध्याकाळच्या सामुदायिक उपासनेइतके दुसरे काही उपयोगी पडत नाही. लहान समाज नियम करतात ते बहुधा भीतीपोटी आणि काळजीपोटी करतात. दुष्टपणाने क्वचितच.

पण सुरत व्यापाऱ्यांची होती, आणि वखारीत सगळ्या गोष्टींची खतावणी होती. किती गाठी कापड, किती मण नीळ, त्याच शाईने कोण प्रार्थनेला आला आणि कोण नाही. खतावणीत आलेली गोष्ट चुकती करता येते. दंड भरला की गैरहजेरी मिटली, आणि प्रार्थनेला बसले की दंड वाचला. या व्यवहारात देवाला जागा कुठे होती, हा प्रश्न विचारायला खतावणीत रकानाच नव्हता.

आजूबाजूच्या लोकांना हे कसे दिसत होते? त्याचे उत्तर एका पाद्र्यानेच देऊन ठेवले आहे. एडवर्ड टेरी हा रोचा पाद्री १६१६ मध्ये इकडे आला आणि १६१९ मध्ये परतला. त्याच्या प्रवासवर्णनाचे मोठे पुस्तक १६५५ मध्ये निघाले. बंदराजवळच्या लोकांना मोडके-तोडके इंग्रजी येऊ लागले होते, आणि त्या इंग्रजीत ते ख्रिस्ती धर्माविषयी जे बोलत ते टेरीने जसेच्या तसे नोंदवले आहे. त्याचा आशय असा की ख्रिस्ती धर्म हा सैतानाचा धर्म, कारण ख्रिस्ती माणूस फार पितो, फार वाईट वागतो, फार मारझोड करतो. बाजारातला आणखी एक अनुभव त्याने सांगितला आहे. एखाद्या व्यापाऱ्याला इंग्रज गिऱ्हाईक म्हणे की तू किंमत फार सांगतोस. त्यावर व्यापारी उलट विचारी, तुम्हाला फसवायला मी काय ख्रिस्ती आहे?

रोच्या स्वयंपाक्याची गोष्टही टेरीच्याच पुस्तकातली. वकिलाचे बिऱ्हाड सुरतेत आले त्याच दिवशी या स्वयंपाक्याने दारू विकणाऱ्या एका आर्मेनियन ख्रिस्त्याचे घर शोधून काढले. झोकांड्या खात परतताना वाटेत त्याला सुरतेच्या सुभेदाराचा भाऊ लवाजम्यासह येताना भेटला. तलवारीच्या आधाराने उभे राहत स्वयंपाक्याने त्याला काफर कुत्रा म्हटले. त्या माणसाला इंग्रजी कळले नाही. त्याने सौम्यपणे विचारले, काय म्हणतोस? उत्तरादाखल स्वयंपाक्याने त्याच्यावर तलवार उगारली. लोकांनी त्याला धरून कोठडीत टाकले. रोने निरोप पाठवला की अशा माणसाला पाठीशी घालण्यासाठी मी आलेलो नाही, वाटेल ती शिक्षा करा. सुभेदाराच्या भावाने काहीही इजा न करता त्याला परत पाठवून दिले. या प्रसंगात ‘काफर’ हा शब्द कोणी वापरला आणि क्षमा कोणी केली, हे टेरीच्या वाचकांना वेगळे सांगावे लागले नसेल. स्वयंपाक्याला आपण खऱ्या धर्माचे आहोत याविषयी तिळभर शंका नव्हती. धर्म त्याच्यापाशी ओळखपत्रासारखा होता, आणि तेवढाच होता.

या सगळ्याची नोंद करणारा टेरी स्वतः भाविक होता. त्याला लाज वाटली म्हणूनच त्याने हे लिहिले. त्याच्यानंतर, १६२४ मध्ये, हेन्री लॉर्ड सुरतेच्या वखारीचा पाद्री म्हणून आला. त्याने वाणी आणि पारशी समाजांच्या धर्माविषयी १६३० मध्ये पुस्तक छापले, आणि त्यात वाण्यांच्या मांस-मद्य वर्ज्य करण्याच्या नियमाचे हिरिरीने खंडन केले. खाण्यापिण्याच्या नियमात पुण्य नाही, हा त्याचा मुद्दा ख्रिस्ती शिकवणीला धरूनच होता. पण त्याच्या वाचकांपैकी कितीजणांनी तो मुद्दा स्वतःच्या वखारीला लावून पाहिला असेल? दुसऱ्याचे कर्मकांड लगेच ओळखू येते. आपले कर्मकांड आपल्याला श्रद्धा वाटते.

खरे तर या आजाराचे निदान ख्रिस्ती धर्माच्या मुळातच झालेले आहे. शुभवर्तमानांत येशूचे सर्वांत कडक बोल वेश्यांना किंवा जकातदारांना उद्देशून नाहीत. ते शास्त्री आणि परूशी यांना उद्देशून आहेत. हे लोक पुदिना-जिऱ्याचाही दशमांश काटेकोरपणे देत आणि न्याय, दया, विश्वास यांकडे काणाडोळा करत. शब्बाथाच्या दिवशी वाळलेल्या हाताचा माणूस बरा केला म्हणून त्यांनी येशूवर राग धरला. परूशी हे तेव्हाच्या समाजातले लबाड लोक नव्हते, हे इथे ध्यानात ठेवले पाहिजे. ते शिकलेले, नेमाने उपवास करणारे, नियमशास्त्रासाठी जीव टाकणारे लोक होते. आणि संत पौल, ज्याने नियमाने माणूस नीतिमान ठरत नाही असे गलतीकरांना कळकळून लिहिले, तो स्वतः परूशी घराण्यातला. मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. टिळे-माळा आणि अंतरीचा भाव यांतले अंतर वारकरी संतांनी जन्मभर सांगितले.

सुरतेत याचे उलटे उदाहरणही घडले, आणि ते मराठी इतिहासाशी जोडलेले आहे. ६ जानेवारी १६६४ रोजी शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले. मोगलांचा सुभेदार किल्ल्यात जाऊन बसला. इंग्रजांनी प्रेसिडेंट सर जॉर्ज ऑक्झेंडन याच्या हाताखाली वखार बंदुका रोखून राखली. वखारीचा पाद्री एस्कॅलियट याने त्या दिवसांची हकीकत त्याच महिन्याच्या अखेरीस पत्राने विलायतेला कळवली. शहराच्या त्याच धामधुमीत फ्रेंच कपुचिन पंथाचा फादर अँब्रोज हा साधू एका साध्या घरात राहत होता. त्याच्याकडे ना तोफ होती ना पहारा. फ्रेंच प्रवासी बर्निये सांगतो की महाराजांनी या घराला हात लावू दिला नाही, कारण फिरंगी पाद्री भले लोक आहेत असे त्यांनी ऐकले होते. दानधर्मासाठी नावाजलेल्या एका मृत दलालाचे घरही त्यांनी सोडले, असे बर्निये लिहितो. लुटीच्या त्या पाच दिवसांत भलेपणाची कीर्ती ही एक खरीखुरी भिंत ठरली. अँब्रोजच्या मठातही घंटा आणि नेम असणारच. कपुचिनांची व्रते वखारीच्या नियमांहून कितीतरी कडक. मग नियम असणे हा दोष नव्हे. त्या नियमांतून लोकांना काय दिसत होते, फरक तिथे होता.

इंग्रजांच्या वखारीत नियम मोडल्याची किंमत काही शिलिंग होती. नियमाच्या हाती राजदंड आला की काय होते, ते सुरतेच्या दक्षिणेला, दमणला दिसले. शार्ल देलों हा तरुण फ्रेंच वैद्य. तो स्वतः कॅथलिक होता. पोर्तुगीजांच्या दमणात त्याने वैद्यकी सुरू केली. तिथे भिक्षेच्या लहान लाकडी पेट्या घरोघर, दुकानोदुकानी फिरवल्या जात. पेटीवर मारियेचे किंवा एखाद्या संताचे चित्र असे, आणि दान देणारा त्या चित्राचे चुंबन घेई. फ्रान्समध्ये अशी चाल नव्हती, म्हणून देलों पैसे टाकी पण चुंबन घेत नसे. बाप्तिस्म्याविषयी आणि मूर्तींविषयी चारचौघांत तो मोकळेपणाने बोलेही. १६७३ मध्ये त्याला अटक झाली आणि गोव्याच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मचौकशीच्या न्यायासनाच्या, कोठडीत नेऊन टाकले. तिथे तो इतका खचला की त्याने आत्महत्येचे प्रयत्न केले. जानेवारी १६७६ मध्ये त्याला अनवाणी मिरवत शिक्षा ऐकवली गेली, ती पोर्तुगालात गलबतावर पाच वर्षे सक्तमजुरीची. सुटल्यावर १६८७ मध्ये त्याने आपली कहाणी छापली आणि युरोपभर खळबळ उडाली.

गोव्यातले ते न्यायासन १५६० मध्ये सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. १७३६ च्या त्याच्या एका आज्ञापत्रात स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांना तुळस ठेवायला, लग्नात हळद लावायला, हिंदू पद्धतीची गाणी म्हणायला मनाई केलेली आहे. दोन शतके ख्रिस्ती असलेल्या घरांत कोण कशी लुगडी नेसते आणि कोण भातात मीठ कधी घालते यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा उभी राहिली. शेजाऱ्याने शेजाऱ्याची चहाडी करायची आणि तिलाच धर्मकार्य म्हणायचे. अशा वातावरणात कोणाच्या मनात देवाविषयी काय भाव आहे, ते कळण्याची सोयच उरत नाही, कारण जो तो आधी स्वतःला वाचवतो.

एकोणिसाव्या शतकात हाच झगडा एका मराठी बाईच्या अंतःकरणात झाला, आणि तिने तो लिहून ठेवला म्हणून आज तो सगळ्यांत जवळून पाहता येतो.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. घरची संपत्ती तीर्थयात्रा, दाने आणि अनुष्ठाने यांत गेली. दुष्काळ आला तेव्हा कुटुंब देवळादेवळांतून फिरत होते. नवस चालू होते, उपवास चालू होते, ब्राह्मणांना दक्षिणा देणे चालू होते. आई-वडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. सगळे नियम पाळून झाल्यावर हाती काय आले, या प्रश्नाने रमाबाईंचे बालपण संपले.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथे मुलगी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात सिस्टर जेराल्डिन ही त्यांची धर्ममाता. तिचे रमाबाईंवर प्रेम होते, यात शंका नको. पण दोघींचा पत्रव्यवहार वाचताना प्रेम आणि पहारा एकमेकांत कसे मिसळतात ते दिसते. रमाबाई शाकाहारी होत्या आणि अंडे घातलेले पुडिंगही खात नसत. जेराल्डिनला त्यात जातीचा अभिमान दिसला. रमाबाईंनी सुनावले की खीर-पुडिंगात, बूट-मोज्यांत माझा गर्व शोधायचा असेल तर खुशाल शोधा. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाई म्हणाल्या, मला आणि माझ्या देशभगिनींना लॅटिन कळत नाही, मग संस्कृत का नको? चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणार अशी बातमी आली तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात त्यांचा प्रभाव कमी होईल, ही त्यांची काळजी होती. शेवटी त्रैक्याच्या सिद्धांतावरून गाडे अडले. चर्च सांगते म्हणून मान्य करा, असा जेराल्डिनचा आग्रह. १८८५ च्या मे महिन्यात रमाबाईंनी कळवले की भटभिक्षुकांचे जोखड मी मोठ्या कष्टाने झुगारले आहे आणि त्याच्या जागी दुसऱ्या पुरोहितांचे जोखड घ्यायला मी तयार नाही.

त्याच सुमारास पुण्यात काय चालले होते ते आठवले तर चित्र पुरे होते. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशींनी घडवून आणलेल्या सभेत मंडळींसमोर चहा आला. मिशनरींच्या घरचा चहा प्यायला म्हणून न्यायमूर्ती रानडे, बाळ गंगाधर टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांनी चौकशी बसवली, प्रायश्चित्ते झाली. एकीकडे चहाचा पेला, दुसरीकडे पुडिंगातले अंडे. रमाबाई या दोन्ही बाजूंच्या स्वयंपाकघरांतून गेल्या होत्या.

पण रमाबाईंची गोष्ट निव्वळ बंडाची नाही, आणि म्हणूनच ती इतकी मोलाची आहे. जोखड झुगारल्याने भक्ती आपोआप येत नाही, हे त्यांना पुढे कळले. बाप्तिस्म्याला आठ वर्षे होत आली तेव्हा, १८९१ च्या सुमारास, त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही. पुढे १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे उघडपणे लिहिले. त्या तेव्हा वाचत होत्या ते पुस्तक विल्यम हॅसलम या इंग्रज पाद्र्याचे होते. हॅसलम कॉर्नवॉलमधल्या बॉल्धू गावी होता. देऊळ सजवणे, विधी नीट करणे यांत तो गढलेला असे. त्याचा माळी गंभीर आजारात साध्या चॅपलवाल्यांच्या प्रार्थनेने बदलून गेला, त्याचा हॅसलमला रागच आला. १८५१ मधल्या एका रविवारी तो परूशांवर प्रवचन देत होता. ख्रिस्त कोण हे परूशांना कळले नाही, असे सांगता सांगता त्याला उमगले की आपणही त्याच रांगेत उभे आहोत. व्यासपीठावरच त्याचा चेहरा बदलला, आणि खालून कोणीतरी ओरडले की पाद्रीबुवांचे परिवर्तन झाले.

कॉर्नवॉलमधल्या एका खेड्यातला हा प्रसंग चाळीस वर्षांनी पुस्तकातून एका विदुषीपर्यंत पोचतो, आणि ती त्यात स्वतःला ओळखते. रमाबाई संस्कृत पंडिता होत्या, सिद्धांताच्या वादात बिशपांना पुरून उरल्या होत्या. नेमका हाच त्यांचा अडसर होता. धर्माच्या बाबतीत बरोबर असणे हेही एक कर्मकांड होऊ शकते, हे त्यांच्याइतके प्रामाणिकपणे त्या काळात फार थोड्यांनी कबूल केले. त्यानंतरच्या कामाला वेगळा वेग आला. केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. दुष्काळातून मुली आणल्या गेल्या. १९०० च्या भयंकर दुष्काळात, ज्याला गुजरातेत छप्पनिया म्हणतात, त्यांची माणसे गुजरातेतही पोचली आणि तिकडल्या उपाशी मुली केडगावला आल्या. १९०५ च्या जूनअखेरीस मुक्तीतल्या मुली प्रार्थना करता करता रडू लागल्या आणि एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना म्हणू लागल्या. टापटिपीच्या उपासनेची सवय असलेल्या काही मिशनरींना ते गोंधळाचे वाटले. रमाबाईंनी ते थांबवले नाही.

मुक्तीतही दिनक्रम आखीव होता. शेकडो मुलींचे स्वयंपाक, शाळा, विणकाम, छापखाना नियमांशिवाय चालणे शक्यच नव्हते. उतारवयात रमाबाई काही बाबतींत स्वतःच कडक झाल्या, आणि आपल्या मराठी बायबलात हिंदू धर्मग्रंथांशी जोडलेले शब्द टाळण्याचा त्यांचा आग्रह अनेकांना आजही टोकाचा वाटतो. नियमांचे आकर्षण एका अनुभवाने कायमचे सुटत नाही. ज्याने ते एकदा ओळखले त्यालाही ते पुन्हा गाठते. रमाबाईंच्या थोरवीला याने बाधा येत नाही, उलट हा आजार किती चिवट आहे ते कळते.

दुसरे मराठी उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. त्यांना खटकत होते ते वेगळे. मंडळीत विलायती चालींची गाणी, विलायती क्रम, नोकरीसारखे चाललेले पाळकपण, आणि मिशनच्या पगारावर अवलंबून असलेला धर्म. टिळकांनी अभंग लिहिले, ओव्या रचल्या, ख्रिस्ती कीर्तने केली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनशी संबंध सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसू शकत होते.

ही गोष्ट आज ऐकायला साधी वाटते, पण चर्चच्या दृष्टीने ती मुळावर घाव घालणारी होती. बाप्तिस्म्याची नोंदवही हा मंडळीचा पाया. कोण आत, कोण बाहेर, प्रभुभोजन कोणाला द्यायचे, लग्न कुठे लावायचे, दफनभूमीत जागा कोणाला, हे सगळे त्या वहीवर ठरते. टिळकांनी बाप्तिस्मा नाकारला नव्हता. स्वतः त्यासाठी त्यांनी घरदार, आप्त आणि काही वर्षे पत्नीचा सहवासही गमावला होता. लक्ष्मीबाई १९०० मध्ये त्यांच्या वाटेने आल्या, त्याही स्वतःच्या मनाने, आणि ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी त्या काळाचे जे सांगितले त्याला मराठीत तोड नाही. टिळकांचे म्हणणे एवढेच होते की ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्याला वहीत नाव नाही म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवू नये. त्यांच्या मित्रांनाही हे पटवणे जड गेले, आणि विरोधकांची शंका अगदीच पोकळ नव्हती. वही नसेल तर मंडळी टिकेल कशी? ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ तग धरू शकला नाही.

टिकली ती त्यांची गीते. नगर, पुणे, मुंबई, नाशिक, जिथे जिथे मराठी उपासना होते तिथे ‘उपासना संगीत’ हे पुस्तक असते आणि त्यात टिळकांची गाणी मोठ्या संख्येने आहेत. गाण्याला क्रमांक आहे. पाळक क्रमांक सांगतात, मंडळी उभी राहते आणि गाते. मिशनच्या ठरीव उपासनेला कंटाळून जो कवी बाहेर पडला, त्याचे अभंग आता त्याच ठरीव उपासनेचा भाग झाले आहेत. ते पाठ असल्यामुळे शब्दांकडे लक्ष न देता म्हणताही येतात. रविवारी गाण्याचा क्रमांक पुकारला जातो तेव्हा उभे राहणाऱ्या प्रत्येकाला आपापल्यापुरते ठरवावे लागते की आपण टिळकांचे गाणे गातो आहोत की फक्त क्रमांक पुरा करतो आहोत. पाळकाला ते व्यासपीठावरून दिसत नाही, आणि मंडळीच्या वार्षिक अहवालात ते कधी येत नाही.